विजयदुर्गावर तोफा डागणाऱ्या 'केंट'चं पुढे काय झालं?

विजयदुर्गजवळच्या एका वाचकाने विचारलंय: १७५६ साली किल्ल्यावर तोफा डागणारं इंग्रजांचं 'केंट' जहाज कुठे बांधलं होतं, केवढं होतं, आणि त्याचं पुढे काय झालं? गावात लहानपणापासून सांगतात की ते पाण्याखालच्या भिंतीवर आपटून खाडीच्या तोंडाशीच बुडालं. हे खरं आहे का?

नाही. केंट विजयदुर्गाला बुडालं नाही. किल्ला घेऊन ते धडधाकट बाहेर पडलं आणि त्यानंतर सव्वा वर्षाच्या आत हुगळी नदीत, चंद्रनगरच्या फ्रेंच किल्ल्यासमोर, कायमचं निकामी झालं. तिथेही ते बुडालं नाही. तरंगत राहिलं, पण लढाऊ जहाज म्हणून संपलं.

मी आधी सात वर्षं दर्यावर होतो, नंतर अठ्ठावीस वर्षं जहाजांचे तळ तपासण्याचं काम केलं. त्यामुळे जुन्या जहाजाची हकीगत वाचताना सेनापतीच्या पत्रांपेक्षा माझी नजर आधी नांगर, दोर, लाकूड आणि पाण्याची खोली यांच्याकडे जाते. केंटची गोष्ट तशी वाचली की फार स्पष्ट दिसते. हे जहाज दोनदा नांगर टाकून किल्ल्याशी भिडलं. पहिल्यांदा नांगर हवा तिथे धरला, दुसऱ्यांदा धरला नाही.

केंट लंडनजवळ थेम्सच्या काठी डेप्टफर्डच्या सरकारी गोदीत बांधलं गेलं आणि मे १७४६मध्ये पाण्यात उतरलं. इंग्लंड तेव्हा फ्रान्स आणि स्पेनशी लढत होतं. काही पुस्तकांत केंटच्या तोफा ६४ दिलेल्या सापडतील, काहींत ७०. याचं कारण असं की १७४१मध्ये नौदलाने ७० तोफांच्या जहाजांच्या जागी ६४ तोफांची, पण जास्त वजनदार गोळा फेकणारी जहाजं बांधायचं ठरवलं होतं. केंट त्या घडणीचं. जुन्या सवयीने त्याला ७० तोफांचं म्हणत राहिले. खालच्या मजल्यावर ३२ पौंडी २६ तोफा, वरच्या मजल्यावर १८ पौंडी २६, आणि उरलेल्या ९ पौंडी डेकवर. एका बाजूच्या सगळ्या तोफा एकदम उडाल्या तर सातशे पौंडांच्या वर, म्हणजे सव्वातीनशे किलोच्या आसपास लोखंड सुटायचं. खालच्या तोफमजल्याची लांबी साधारण १५४ फूट, रुंदी ४४ फूट. आजच्या मालवाहू जहाजाच्या शेजारी उभं केलं तर होडीच वाटेल. पण त्या एवढ्याशा लाकडी घरात साडेचारशे-पाचशे माणसं राहायची, तोफांच्या मधल्या जागेत झोळ्या बांधून झोपायची.

पहिल्या दीड वर्षातच या जहाजाला यश आणि बदनामी दोन्ही मिळाली. जून १७४७मध्ये कॅप्टन थॉमस फॉक्सच्या हाताखाली केंट आणि सोबतच्या जहाजांनी वेस्ट इंडीजहून परतणाऱ्या फ्रेंच तांड्यातली चाळीसहून जास्त व्यापारी जहाजं धरली. खलाशांच्या दृष्टीने ही दिवाळीच, कारण धरलेल्या मालाची वाटणी व्हायची. मग ऑक्टोबरात फिनिस्टेअरची दुसरी लढाई झाली. अ‍ॅडमिरल हॉकने आठांपैकी सहा फ्रेंच युद्धनौका पकडल्या, पण 'तोनाँ' हे सगळ्यांत मोठं जहाज निसटलं. केंटने त्याला जवळ जाऊन गाठलं नाही, असा ठपका हॉकने ठेवला. फॉक्सवर कोर्टमार्शल झालं. भित्रेपणाचा आरोप टिकला नाही. पण स्वतःचं डोकं वापरायचं सोडून फर्स्ट लेफ्टनंट आणि मास्टर (म्हणजे जहाज हाकायची जबाबदारी असलेला अधिकारी) यांच्या सांगण्यावर गेला, खुणेच्या निशाणाचा अर्थ चुकीचा लावला, म्हणून त्याला केंटवरून काढलं. दर्यावर काम केलेल्या माणसाला ही शिक्षा किती बोचते ते सांगावं लागत नाही. धुरात, गोंगाटात, दोन अनुभवी माणसं शेजारी उभी राहून एकच सांगत असताना ती दोघंही चुकत असतील असं वाटायला फार खंबीर मन लागतं.

१७५४च्या मार्चमध्ये रिअर अ‍ॅडमिरल चार्ल्स वॉटसन केंटवर आपलं निशाण चढवून हिंदुस्थानाकडे निघाला. कॅप्टन होता हेन्री स्पीक, आणि सर्जन एडवर्ड आइव्हज्. या आइव्हज्ने १७७३ साली आपलं प्रवासवर्णन छापलं म्हणून केंटवरच्या माणसांच्या जखमासुद्धा आज आपल्याला ठाऊक आहेत. ताफ्याने आयर्लंडमधून ३९वी पलटण घेतली. ब्रिटिश राजाची हिंदुस्थानात आलेली ही पहिली पलटण. मादागास्करला थांबत सप्टेंबरात जहाजं कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला लागली.

इथे एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर मद्रासच्या रक्षणाला आलेलं जहाज कोकणात काय करत होतं हा प्रश्न सुटत नाही. पूर्व किनाऱ्यावर मोठ्या जहाजाला आसरा मिळेल असं बंदरच नव्हतं. मद्रासला जहाजं उघड्या समुद्रात नांगरून उभी असत. ऑक्टोबरात ईशान्येचा मोसमी वारा सुरू झाला की तिथे थांबणं म्हणजे जहाज किनाऱ्यावर फेकलं जायची वाट पाहणं. त्यामुळे ताफ्याला दुसरीकडे जावंच लागे, आणि जाण्यासारखी जागा होती मुंबई. मुंबईत निवारा होता, सागवान होतं, कामगार होते, आणि १७५०मध्ये पुरी झालेली दगडी गोदी होती.

डागडुजी तर लागतच होती. केंटच्या तळाला तांब्याचा पत्रा नव्हता. इंग्रज नौदलाने तांब्याचा पहिला प्रयोग १७६१मध्ये 'अलार्म' या जहाजावर केला आणि सगळं आरमार तांब्याने मढवायला आणखी वीस वर्षं गेली. केंटच्या काळात ओकच्या तळावर पातळ फळ्यांचं एक अस्तर ठोकायचे आणि त्यावर डांबर-गंधकासारखा लेप द्यायचे. आपल्या गरम पाण्यातला लाकूड पोखरणारा किडा त्याला दाद देत नाही. एकदा एका जुन्या लाकडी गलबताच्या तळाची फळी मी हातात घेतली होती. बाहेरून रंग शाबूत, टोचणीच्या टोकाएवढी भोकं, बस. मोडून पाहिली तर आत मधाच्या पोळ्यासारखी. करंगळी जाईल एवढी बिळं, एकमेकांना न छेदता शेजारून शेजारून गेलेली. अंगठ्याने दाबली तर फळीचा भुगा झाला. ती फळी पाहिल्यापासून मला वॉटसनच्या दर वर्षीच्या मुंबई-फेरीचं नवल वाटत नाही.

म्हणून १७५५च्या नोव्हेंबरात केंट मुंबईत होतं. क्लाइव्हही नुकताच विलायतेहून आला होता. दख्खनमध्ये फ्रेंचांवर जायचा बेत बारगळला होता. फौज रिकामी, जहाजं तयार. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कंपनीच्या कमोडोर जेम्सने पेशव्यांच्या मदतीने सुवर्णदुर्ग घेतला होता. नानासाहेब पेशव्यांना विजयदुर्ग हाती असलेल्या तुळाजी आंग्रेचा बंदोबस्त करायचा होता, इंग्रजांना तर वर्षानुवर्षं हवाच होता. निघण्याआधीच इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबईत बसून लुटीची वाटणी ठरवून टाकली. तीत पेशव्यांचा हिस्सा नव्हता.

७ फेब्रुवारी १७५६ला ताफा मुंबईहून सुटला. राजाच्या नौदलाची केंट, कंबरलँड, टायगर, सॉल्सबरी, ब्रिजवॉटर आणि किंगफिशर, शिवाय कंपनीची जहाजं आणि उखळी तोफांची गलबतं. जाता जाता सांगतो, यातलं सॉल्सबरी म्हणजे तेच जहाज, ज्याच्यावर १७४७ साली जेम्स लिंडने संत्री-लिंबू देऊन स्कर्व्ही बरा होतो हे पडताळून पाहिलं होतं. वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो प्रयोग माहीत असतो. ते जहाज विजयदुर्गाला आलं होतं हे आपल्याकडे कुणी सांगत नाही.

११ तारखेला ताफा घेरियासमोर आला. घेरिया म्हणजे आपलं गिर्ये, विजयदुर्गाला ते याच नावाने ओळखत. रामाजी महादेवाची मराठी फौज जमिनीच्या बाजूने आलेली होती. तुळाजी किल्ला नातेवाइकाच्या हवाली करून स्वतः मराठ्यांच्या छावणीत बोलणी करायला गेला होता. बोलण्यातून किल्ला मराठ्यांच्या हाती जाईल या धास्तीने वॉटसनने वेळ घालवला नाही. १२ तारखेला दुपारी समुद्रावरचा वारा सुटला तशी जहाजं दोन रांगांनी वाघोटन खाडीच्या तोंडात शिरली. मोठी जहाजं किल्ल्याच्या बाजूने, लहान जहाजं आणि उखळी तोफांची गलबतं पलीकडून, म्हणजे आंग्र्यांचं आरमार आणि गोदी त्यांच्या माऱ्यात येईल अशी.

आता नांगराचं बघा. जहाज किल्ल्यासमोर चालतं ठेवून लढायचं म्हटलं तर दोन फेऱ्यांत माराच संपतो. म्हणून जागेवर नांगरायचं. पण एकाच नांगरावर जहाज वाऱ्या-पाण्याबरोबर फिरतं आणि तोफा भलतीकडे तोंड करतात. यावर उपाय म्हणजे नांगराच्या दोराला दुसरा दोर बांधून तो जहाजाच्या मागच्या अंगाला घ्यायचा. त्याला स्प्रिंग म्हणतात. माणसांनी फिरवायच्या उभ्या रहाटावर तो ओढला की पाचशे माणसांचं जहाज बोटभर इकडे, बोटभर तिकडे वळवता येतं. विजयदुर्गाच्या खाडीत किल्ल्याच्या जवळपर्यंत मोठ्या जहाजाला पुरेल इतकं पाणी आहे. आंग्र्यांनी ती जागा पसंत केली त्याचं हेही एक कारण. त्या दुपारी तीच खोली शत्रूच्या उपयोगी पडली. केंट हवं तिथे जाऊन उभं राहिलं आणि त्याचा दोर शेवटपर्यंत धरून राहिला.

दुपारी दोनच्या सुमाराला तोफा सुरू झाल्या. दोन-अडीच तासांत एक पेटता गोळा 'रिस्टोरेशन' या जहाजावर पडला. ते पूर्वी आंग्र्यांनी कंपनीकडून जिंकून आणलेलं जहाज. तिथून आग गुराबांना, म्हणजे आंग्र्यांच्या मोठ्या लढाऊ जहाजांना लागली, गुराबांवरून गलबतांना, आणि एकमेकांना बांधून ठेवलेलं आख्खं आरमार संध्याकाळपर्यंत जळून गेलं. मला या गोष्टीचा प्रत्येक वेळी त्रास होतो. तुळाजीने पेशव्यांना काय काय त्रास दिला, ते सगळं खरं धरलं तरी त्या संध्याकाळी जळालं ते कान्होजींपासून दोन पिढ्यांनी उभं केलेलं सामर्थ्य होतं. जहाज पुन्हा बांधता येतं. पण ते बांधणारे सुतार, चालवणारे तांडेल आणि त्यांना पगार देणारी गादी हे सगळं एकत्र पुन्हा जमत नाही, आणि तसं ते जमलंही नाही. गिर्येला कातळ फोडून केलेली आंग्र्यांची गोदी आजही आहे. तुम्ही तिथलेच आहात, तर ओहोटीला तिच्यात उतरून पाहा.

रात्री क्लाइव्ह फौज घेऊन किनाऱ्यावर उतरला, म्हणजे मराठी सैन्य आणि किल्ला यांच्या मधोमध उभा राहिला. १३ तारखेला मारा पुन्हा झाला आणि संध्याकाळी किल्ला पडला. इंग्रजांची ठार-जखमी माणसं सगळी मिळून वीसच्या आसपास. लूट दहा लाख रुपयांच्या घरात. किल्ल्यात तुळाजीची आई, बायका आणि मुलं सापडली. वॉटसन त्यांना भेटायला गेला आणि धीर दिला असं आइव्हज् लिहितो. तुळाजीचं उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेलं. विजयदुर्ग मात्र इंग्रजांनी लगेच सोडला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात तह होऊन, बदल्यात बाणकोट घेऊनच तो पेशव्यांना दिला.

एवढ्या बलाढ्य किल्ल्यासमोर इतकी कमी माणसं कशी गेली, असं विचाराल. माझा अंदाज सांगतो. विजयदुर्गाच्या तोफा उंचावर आहेत. जहाज तटाच्या जवळ येऊन नांगरलं की उंचावरच्या तोफेचं तोंड तितकं खाली वाकत नाही, गोळे डोलकाठ्यांवरून निघून जातात. शिवाय पाठीमागे स्वतःचं आरमार जळत असताना गोलंदाजाचं लक्ष ठिकाणावर राहत नाही. तो किल्ला समुद्रातून लांबून येणाऱ्या जहाजाला धाक दाखवायला उत्तम होता. पायथ्याशी येऊन बसलेल्या साठ-सत्तर तोफांच्या जहाजांसाठी तो बांधलेलाच नव्हता.

एप्रिलअखेर केंट मद्रासकडे परतलं. जूनमध्ये बंगालचा नवाब सिराज-उद्दौल्याने कलकत्ता घेतलं. बातमी मद्रासला पोचून निर्णय होईपर्यंत ऑक्टोबर उजाडला, म्हणजे नेमका उलटा वारा. सोळा तारखेला निघालेल्या ताफ्याला हुगळीत फुलट्याला पोचायला डिसेंबरचा मध्य उजाडला, तेही सगळी जहाजं एकत्र नाहीत. वाटेत रेशन कमी करावं लागलं, माणसं आजारी पडली.

डिसेंबरच्या शेवटी बजबज किल्ल्याची वेळ आली. सकाळी हल्ला करायचं ठरलं होतं. रात्री स्ट्रहान नावाचा केंटचाच एक खलाशी भरपूर दारू पिऊन एकटाच तटाच्या खिंडारात चढला आणि किल्ला आपला झाला म्हणून ओरडू लागला. आवाजाने बाकीचे धावले आणि किल्ला खरोखर पडला. शिस्त मोडली म्हणून वॉटसनने त्याला झापलं. शिक्षा झाली तर पुन्हा जन्मात एकट्याने किल्ला घेणार नाही, असं तो बाहेर पडताना म्हणाला म्हणे. २ जानेवारी १७५७ला कलकत्ता परत इंग्रजांकडे आलं.

मग चंद्रनगर. युरोपात फ्रान्सशी युद्ध पुकारलं गेलं होतं. हुगळीच्या पश्चिम काठावर फ्रेंचांचा ऑर्लिआँ किल्ला होता. फ्रेंचांचा भरवसा होता की एवढं मोठं जहाज इतक्या वर नदीत येऊच शकत नाही. त्यात त्यांनी किल्ल्याखालच्या अरुंद वाटेत जहाजं बुडवून ठेवली. केंटच्या 'हे' आडनावाच्या लेफ्टनंटला शरणागतीचा निरोप घेऊन पाठवलं, तेव्हा त्याची होडी बुडवलेल्या जहाजांच्या डोलकाठ्यांमधूनच गेली आणि मध्ये वाट आहे हे त्याच्या लक्षात आलं. केंटचा मास्टर डेलामॉट याने होडीतून जाऊन तोफांच्या माऱ्याखाली पाण्याची खोली मोजली. हल्ल्याच्या आदल्या रात्री त्या बुडालेल्या डोलकाठ्यांवर कंदील टांगले. कंदिलांची फ्रेंच किल्ल्याकडची बाजू झाकलेली आणि इंग्रज जहाजांकडची उघडी. पहाटेच्या अंधारात त्या दिव्यांच्या मधून वाट काढायची.

हुगळीत मी तरुणपणी काम केलंय, म्हणून ही रात्र मला डोळ्यांपुढे दिसते. तिथे पाणी गढूळ, तळ दर महिन्याला हलतो, भरतीचा लोंढा अंगावर भिंतीसारखा येतो. आज पायलट, बोया, इको साउंडर सगळं असूनही तिथे जहाज नेताना ब्रिजवर कुणी मोठ्याने बोलत नाही. या माणसांनी वीसेक फूट पाणी लागणारं जहाज शिडं, दोरी आणि शिशाचं वजन एवढ्यावर नेलं. शत्रू म्हणून नव्हे, दर्यावर्दी म्हणून मी त्यांना मान देतो.

२३ मार्चच्या पहाटे भरतीबरोबर टायगर पुढे निघालं, मागे केंट, शेवटी सॉल्सबरी. टायगरने ईशान्येच्या बुरुजासमोर जागा धरली. केंटने मधल्या तटासमोर आणि सॉल्सबरीने आग्नेयेच्या बुरुजासमोर थांबायचं ठरलं होतं. केंट नांगर टाकत असतानाच दोन बुरुजांवरून असा मारा आला की नांगरावरची माणसं पडली आणि त्या गोंधळात दोर धावत सुटला.

नांगराचा दोर धावत सुटणं म्हणजे काय हे पाहिल्याशिवाय कळत नाही. मी दुसऱ्या वर्षाचा कॅडेट असताना याच नदीत आमच्या जहाजावर विंडलासचा, म्हणजे नांगराची साखळी आवरणाऱ्या यंत्राचा ब्रेक धरला नाही. साखळी सुटली. आधी खडखडाट, मग नुसती किंचाळी, गंजाची लाल धूळ आणि ठिणग्या, आणि बोसन आम्हाला मागे ढकलत होता. एवढ्या लोखंडाला हात लावणारा कुणी नसतो. साखळी आपली संपते तेव्हाच थांबते. आमच्याकडे इंजिन होतं, आम्ही वाचलो. केंटचा दोर हेंपचा, म्हणजे भांगेच्या झाडाच्या वाखाचा, माणसाच्या मांडीएवढा जाड, शंभराहून जास्त वाव लांब. तो जाड लाकडी खुंटांना वेढे घालून माणसांनी आवरायचा असतो. ती माणसंच पडली, तर जहाज कुठे थांबणार ते कुणाच्याच हातात उरत नाही.

केंट घसरत सॉल्सबरीच्या जागेवर जाऊन थांबलं, आग्नेय बुरुजासमोर. तिथे नैऋत्येच्या बुरुजाचाही मारा त्याच्यावर बाजूने येत होता. मागच्या सॉल्सबरीला जागाच उरली नाही. ते खाली दूर राहिलं आणि त्याचा फारसा उपयोग झाला नाही. आणि इथे विजयदुर्गासारखी उंची नव्हती. नदीकाठचा सखल किल्ला, पिस्तुलाच्या टप्प्याएवढं अंतर, आणि तोफांवर कवायती फ्रेंच गोलंदाज. त्यांचे गोळे डोलकाठ्यांवरून जात नव्हते, थेट तोफमजल्यांत घुसत होते.

मध्येच दारूचा भडका होऊन केंटला आग लागली. जहाज उडणार या भीतीने कितीतरी माणसांनी बाजूच्या होड्यांत उड्या टाकल्या. लेफ्टनंट ब्रेर्टनने त्यांना लाज वाटेल असं बोलून परत वर आणलं आणि आग विझवून घेतली. लढाई तीन तासांच्या आसपास चालली. नवाच्या सुमाराला किल्ल्यावर पांढरं निशाण चढलं, तेव्हा केंटवर अ‍ॅडमिरल आणि हा ब्रेर्टन सोडून ठार किंवा जखमी नाही असा नौदलाचा अधिकारी उरला नव्हता. केंटवर ठार-जखमी मिळून साठहून जास्त माणसं. किल्ल्याकडच्या बाजूने जहाजाला लागलेले गोळे सव्वाशेच्या वर, डोलकाठ्या आणि दोरखंडांचं तर मोजमापच नाही.

एकाच गोळ्याने कॅप्टन स्पीकचा पाय जखमी केला आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाची मांडी फोडली. मुलाचं नाव विल्यम, सगळे बिली म्हणत, वय सोळा असं आइव्हज् लिहितो. सर्जन आला तेव्हा मुलगा आधी वडिलांकडे बघा म्हणाला. पाय कापावा लागला. तो काही दिवस जगला. बाप बरा होईपर्यंत त्याच्यापासून मुलाची खरी अवस्था लपवून ठेवायची धडपड आइव्हज्ने लिहून ठेवली आहे. ती पानं वाचताना तो कुठल्या बाजूचा मुलगा हे माझ्या लक्षात राहत नाही. स्पीक स्वतः वाचला. पुढे नोव्हेंबर १७५९मध्ये किबेरॉनच्या लढाईत तो 'रिझोल्यूशन'चा कॅप्टन होता, आणि त्या वादळात ते जहाजही खडकांवर गेलं.

केंट दुरुस्त का झालं नाही? माझ्या कामातला माणूस पहिल्यांदा विचारेल तो हाच प्रश्न. एकेक भोक बुजवणं अवघड नव्हतं. प्रत्येक जहाजावर सुतार असायचे आणि ते लढाई चालू असतानाही भोकं ठोकून बंद करत. पण शंभरावर गोळे एकाच बाजूला बसतात तेव्हा फळ्यांबरोबर आतल्या बरगड्या तुटतात, आणि बरगड्या तुटलेल्या जहाजाची ती बाजू समुद्राच्या लाटेवर पिळवटते. बरगड्या बदलायच्या तर जहाज कोरड्या गोदीत घ्यावं लागतं. एवढं जहाज घेईल अशी गोदी कलकत्त्यात तेव्हा नव्हती. जवळची म्हणजे मुंबई, अख्ख्या हिंदुस्थानला वळसा घालून. त्या अवस्थेत, अकरा वर्षांचं, किड्याने खाल्लेलं जहाज घेऊन ती वाट मीही कुणाला सुचवली नसती. वॉटसनने आपलं निशाण टायगरवर हलवलं. केंट पुन्हा लढाईला समुद्रावर गेलं नाही. नौदलाच्या नोंदीत १७६०पासून ते हल्क आहे, म्हणजे डोलकाठ्या उतरवून नुसतं तरंगतं कोठार म्हणून वापरायचं धूड.

चंद्रनगर पडल्यावर बरोबर तीन महिन्यांनी, २३ जूनला, प्लासी झाली. आरमारातले पन्नासेक खलाशी तिथे तोफांवर होते. ऑगस्टच्या १६ तारखेला वॉटसन तापाने कलकत्त्यात गेला. विजयदुर्गाला आलेल्या इतर जहाजांचंही फार बरं झालं नाही. कंबरलँड १७६०मध्ये गोव्याजवळ समुद्रात बुडालं. सॉल्सबरीला १७६१मध्ये निकामी ठरवलं. आपल्या समुद्राने त्या ओकला सहा-सात वर्षांहून जास्त काही दिलं नाही. पुढे इंग्रजांनीच मुंबईत सागवानाची युद्धनौका बांधायला सुरुवात केली, ती अशाच अनुभवांनंतर.

तेव्हा तुमच्या खाडीत केंटचे अवशेष शोधू नका. तिथे तळाशी काही असेल तर ते त्या संध्याकाळी जळालेल्या आंग्र्यांच्या गुराबांचं असेल, आणि ते शोधायला हवं. केंटशी जोडलेलं काही पाहायचंच असेल तर कलकत्त्याच्या सेंट जॉन्स चर्चच्या आवारात बिली स्पीकचं आणि वॉटसनचं थडगं आहे. डॉमिनिक सेरेसने १७७१मध्ये काढलेलं चंद्रनगरच्या लढाईचं चित्र ग्रिनिचच्या संग्रहालयात आहे. आणि लंडनला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत वॉटसनचं संगमरवरी स्मारक आहे. त्यावर चंद्रनगर आणि कलकत्त्याबरोबर घेरिया हे नाव कोरलंय, शेजारी तारीख आहे १३ फेब्रुवारी १७५६. तुमच्या गावचं कुणी तिकडे गेलं तर त्या अक्षरांचा फोटो काढून आणायला सांगा.